पाण्यावरचा वारकरी

कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास आळंदीला इंद्रायणीच्या दोन्ही तीरांवर भगव्या पताकांची दाटी होते. शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीस श्री ज्ञानेश्वर महाराजांनी येथे समाधी घेतली. त्या सोहळ्यासाठी गावोगावच्या दिंड्या येथे येतात. साधारणतः याच दिवसांत पुणे जिल्ह्यातील तलावांवर, धरणांच्या फुगवट्यांवर आणि नद्यांच्या संथ डोहांवर आणखी एक मंडळी येऊन दाखल होते. ही मंडळी पाखरांची असते. अंग काळेशार, आकार मध्यम कोंबडीएवढा, चोच पांढरी आणि चोचीच्या मुळापासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र, गुळगुळीत पट्टा. या पक्ष्याला मराठीत ‘वारकरी’ असे नाव आहे. ‘चांदवा’ हे त्याचे दुसरे नाव. इंग्रजीत त्याला ‘कूट’ म्हणतात आणि शास्त्रीय परिभाषेत ‘फुलिका आट्रा’. त्यातील ‘आट्रा’ म्हणजे काळी.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा आज राज्यातील एक प्रमुख औद्योगिक पट्टा म्हणून ओळखला जातो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली ही इंद्रायणीकाठची गावे १९९७ साली शहराच्या हद्दीत आली. कारखाने व वसाहती यांच्या या इतिहासात पाणपक्ष्यांना जागा मिळण्याचे कारण नाही, असे कोणासही वाटेल. परंतु हा सारा मुलूख मुळा, पवना, इंद्रायणी आणि भामा या चार नद्यांच्या खोऱ्यांतील आहे, आणि त्याच्या एका अंगाला देहू तर दुसऱ्या अंगाला आळंदी आहे. वारकरी हा शब्द येथे शाळेत शिकवावा लागत नाही. म्हणूनच एका पाणपक्ष्याला दिलेल्या या नावाचा अर्थ समजून घेण्यास याहून योग्य प्रदेश दुसरा नाही.

नावातील दोन अर्थ

वारकरी या नावात दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पहिली अर्थातच कपाळावरच्या खुणेची. वारकऱ्याच्या कपाळी गोपीचंदनाचा पांढरा टिळा व त्यावर काळा बुक्का असतो. या पाखराच्या रूपातही काळा आणि पांढरा हे दोनच रंग डोळ्यांत भरतात. दुरून पाण्यावर काळा ठिपका दिसावा आणि तो आपल्याकडे वळताच कपाळ चमकून उठावे, असा अनुभव हिवाळ्यात जलाशयाकाठी उभे राहणाऱ्या प्रत्येकास येतो. हा पांढरा पट्टा पिसांचा नसतो. तो कातडीचा कठीण, उघडा भाग असून त्याला कपाळपट्ट म्हणता येईल. कोवळ्या पिलांना तो नसतो. पिलांचे डोके लालसर असते, पुढे वाढीच्या वयात चेहरा फिकट होतो आणि पूर्ण वाढ झाल्यानंतरच कपाळावर हे गंध उमटते.

दुसरी गोष्ट रीतीची. ठरलेल्या काळी ठरलेल्या ठिकाणी नेमाने जाणे-येणे म्हणजे वारी, आणि ती करणारा तो वारकरी. एकदाच तीर्थास जाऊन येणाऱ्यास आपण यात्रेकरू म्हणतो. वारकरी होण्यास नेम लागतो. या पक्ष्यांपैकी काही आपल्याकडे बारमाही राहतात व पावसाळ्यात पाणवनस्पतींच्या आडोशाने तरंगते घरटे बांधतात. परंतु मोठे थवे जमतात ते हिवाळ्यात, उत्तरेकडून, हिमालयापलीकडील प्रदेशांतून पाहुणे येऊन मिळाल्यावर. आश्विन-कार्तिकात त्यांचे आगमन होते आणि फाल्गुन-चैत्रात ते परततात. प्रवास बहुधा रात्रीचा असल्याने काल मोकळे असलेले पाणी आज सकाळी काळ्या ठिपक्यांनी भरलेले दिसते. आषाढी वारीच्या वेळी मात्र हे पाहुणे येथे नसतात. पंचांगाशी मेळ घालायचाच झाला तर हा वारकरी आषाढीचा नव्हे, कार्तिकीचा म्हणावा लागेल.

थव्याची वागणूकही नावाला साजेशी आहे. हे पक्षी शेकडोंच्या संख्येने एकमेकांना धरून पोहतात. पाण्यावरून उठताना त्यांना सहज उडता येत नाही. पंख फडफडवीत, पाण्यावर पाय आपटीत बरेच अंतर धावत जावे लागते. एक धावू लागला की सारा थवा धावतो आणि पाण्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. रिंगण पाहिलेल्या माणसाला त्या वेळी काय आठवत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

‘चांदवा’ हे नाव केवळ रूपावरून आलेले आहे, कपाळावरच्या चांदासारख्या ठिपक्यावरून. ‘वारकरी’ या नावात रूप आहे आणि आचारही आहे. एखाद्या पाखराला वर्षभर, ऋतूमागून ऋतू पाहिल्यावाचून असे नाव सुचत नाही.

एक खूण, अनेक भाषा

याच पांढऱ्या कपाळाकडे अन्य भाषिकांनी कसे पाहिले, हे ताडून पाहणे मनोरंजक आहे. इंग्रजांना त्यात टक्कल दिसले. त्या भाषेत पूर्ण टकल्या माणसाला या पक्ष्याची उपमा देण्याचा जुना प्रघात आहे. जर्मन भाषेत त्याला ‘ब्लेसहून’ म्हणतात. घोड्याच्या किंवा गाईच्या कपाळावरील पांढऱ्या पट्ट्यासाठी जो शब्द त्या भाषेत आहे, तोच येथे कोंबडीवाचक शब्दाला जोडलेला आहे. म्हणजे एकाने डोके पाहिले, दुसऱ्याने जनावराच्या कपाळावरची खूण. आपला शेजारी गुजराती माणूस मात्र या पाखराला ‘भगतडुं’ म्हणतो, म्हणजे छोटा भगत. नर्मदा-तापीच्या मुलखात जो भगत, तोच भीमेच्या खोऱ्यात वारकरी झाला. कपाळावरचे पांढरे हे गंधच असणार, याबद्दल दोन्ही भाषांना शंका वाटली नाही.

येथे आणखी एका पाणपक्ष्याची आठवण होते. बगळ्याच्या कुळातील, काठावर मातकट रंगात दबा धरून बसणारा आणि उडताच एकदम पांढरा होणारा ढोकरी सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला ‘वंचक’ असेही नाव आहे. वंचक म्हणजे फसविणारा. बगळ्याच्या एका पायावरील स्तब्धतेवरून ‘बकध्यान’ हा शब्द संस्कृतातून मराठीत आला आणि ढोंगी भक्तीसाठी रूढ झाला. पांढऱ्या वस्त्रातील बगळा ढोंगी ठरला आणि काळ्या अंगाचे, कपाळापुरते पांढरे असलेले हे पाखरू खरे वारकरी ठरले. यामागचे कारण सोपे आहे. बगळ्याचे लक्ष माशावर असते, तर वारकरी मुख्यतः पाण्यातील शेवाळ, कोवळे कोंब आणि पाणवनस्पती खातो; किडे, शंखशिंपले यांची भर पडते एवढेच. लोकांनी दोघांचा आहारही पाहिला होता, असे मानण्यास जागा आहे.

पाणथळ जागेतील पक्ष्यांची मराठी नावे अशीच व्यवहारातून आलेली आहेत. वाकड्या लांब चोचीने चिखल उकरणाऱ्या शराटी पक्ष्याला ‘कुदळ्या’ म्हणतात. चपट्या, रुंद चोचीचे बदक ‘थापट्या’ होते. चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके व टोकाला पिवळा रंग असलेले बदक ‘हळदी-कुंकू’ या नावाने ओळखले जाते. मासा भाल्यासारख्या चोचीने टिपणारा ‘तिरंदाज’, धुणे धुण्याच्या दगडांवर शेपटी हलवीत फिरणारा ‘परीट’ किंवा ‘धोबी’, ओल्या काठावर तुरुतुरु धावणारा ‘चिखल्या’. नदीकाठच्या एका गावाचे नाव चिखली असावे आणि तिथल्या काठावरच्या पाखराचे चिखल्या, हा योगायोग असला तरी चिखलाचे महत्त्व सांगणारा आहे. या नावांत शेतकऱ्याची कुदळ आहे, घरातले हळदी-कुंकू आहे, घाटावरचे धुणे आहे. राजदरबारची किंवा पंडितांची नावे यांत फारशी नाहीत. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी रानातल्या आणि पाण्याकाठच्या माणसांकडून असे शब्द आयुष्यभर गोळा केले व ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, म्हणून त्यांतील पुष्कळ शब्द छापील मराठीत टिकले.

सारेच पाणकोंबडी

येथवर झाली नावाची गोडी. प्रशासनाशी संबंधित प्रश्न यापुढचा आहे.

नदीकाठच्या पुष्कळ गावांत आज काळ्या-सावळ्या कोणत्याही पाणपक्ष्याला सरसकट ‘पाणकोंबडी’ म्हटले जाते. शब्द चुकीचा नाही. वारकरीही पाणकोंबड्यांच्याच कुळातला आहे. परंतु या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळे पक्षी झाकले जातात. खरी पाणकोंबडी म्हणजे तांबड्या कपाळाची, पिवळ्या टोकाच्या चोचीची, कुशीवर पांढरी रेघ असलेली आणि चालताना शेपटी झटकणारी. दुसरी जांभळी पाणकोंबडी, आकाराने मोठी, निळ्या-जांभळ्या अंगाची, लाल चोचीची. तिसरी लाजरी पाणकोंबडी, पांढऱ्या तोंडाची व छातीची, पावसाळ्यात झुडपांतून तासन्‌तास ओरडत राहणारी. चौथा आपला वारकरी. तो बदकासारखा पोहतो, परंतु त्याचे पाय बदकासारखे पडद्याचे नसतात. प्रत्येक बोटाला पानासारख्या सुट्या झालरी असतात.

या चौघांच्या गरजा एकसारख्या नाहीत, आणि सारा मुद्दा येथेच आहे. पहिल्या तिघींना दाट झाडोरा चालतो, किंबहुना हवाच असतो. पाणी जलपर्णीने झाकले गेले तरी जांभळी पाणकोंबडी तिच्या लांब बोटांवर तोल सावरीत त्या हिरव्या गालिचावरून खुशाल फिरते. वारकऱ्याला मात्र मोकळे पाणी लागते. त्याला धावत उठण्यास जागा हवी आणि बुडी मारून खाण्यास पाण्याखालची वनस्पती हवी. जलपर्णीचा थर दाट झाला की सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, पाण्याखालची वनस्पती मरते आणि वारकऱ्याचे अन्नच संपते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेचे झाड म्हणून ती जगभर गेली व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात पोहोचली. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खत होय. अनुकूल परिस्थितीत दोन आठवड्यांच्या आसपास तिचा विस्तार दुप्पट होतो. पवना व इंद्रायणी या दोन्ही नद्यांचा समावेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत केलेला आहे. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे थर वाहताना राज्यभरातील भाविकांनी पाहिले आहेत. त्यामागे वरच्या अंगाचे घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी ही दोन कारणे आहेत. जलपर्णी हे त्याच रोगाचे हिरवे लक्षण म्हणता येईल.

आता कल्पना करावी की एखाद्या गावाने दहा वर्षांपूर्वी आपल्या नदीवरील पक्ष्यांची नोंद करताना ‘पाणकोंबडी : पुष्कळ’ असे लिहिले आणि आज पुन्हा पाहणी करून तेच लिहिले. कागदोपत्री काहीच बदलले नाही. प्रत्यक्षात मात्र मोकळ्या पाण्यावरचे वारकरी निघून गेले असतील आणि त्यांच्या जागी जलपर्णीवरच्या पाणकोंबड्या वाढल्या असतील. नदीचे स्वरूप पालटले तरी नोंदवहीस त्याचा पत्ता लागणार नाही. दोन पाखरांना दोन नावे असणे ही केवळ भाषेची श्रीमंती नव्हे. वारकरी आणि पाणकोंबडी हा भेद ज्या गावाच्या बोलीत शाबूत आहे, त्या गावाच्या हाती नदी मोजण्याचे एक फुकटचे माप आहे.

नोंदवहीतील एक रकाना

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांनी, जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम. या कायद्याखालील महाराष्ट्राचे नियम २००८ साली झाले आणि २०१२ मध्ये नागपूर येथे राज्य जैवविविधता मंडळ कार्यरत झाले. नोंदवहीत वनस्पती व प्राणी यांच्या शास्त्रीय नावाबरोबर स्थानिक नावाचीही नोंद अपेक्षित असते.

स्थानिक नावाचा हा रकाना भरणे सोपे वाटते, म्हणूनच तो घाईने भरला जातो. पुस्तकातील मराठी नाव उतरवून काढले की रकाना दिसावयास भरलेला दिसतो. पण ते नाव त्या गावाचे नसते. चिंचवडच्या वाचनालयात बसून लिहिलेले ‘वारकरी’ आणि भामेच्या काठी गुरे वळणाऱ्याच्या तोंडचे ‘वारकरी’ ही अक्षरे एकच असली तरी पुराव्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. हे नाव पुस्तकातले, हे गावातले, असा स्पष्ट शेरा नोंदीत असावा. तसेच ज्याने नाव सांगितले त्याचा व्यवसाय लिहावा. भोई, गुराखी, परीट, मळेकरी यांची पाखरे पाहण्याची वेळ व जागा वेगवेगळी असते, आणि त्यामुळे त्यांची नावेही पुष्कळदा वेगळी असतात.

शिक्षकांनी या कामात विद्यार्थ्यांना घेतल्यास एक काळजी घ्यावी लागेल. चित्र दाखवून ‘हा वारकरी ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेखातर होकार देतो. त्याऐवजी पाखराचे वर्णनही त्याच्याकडूनच घ्यावे. काळ्या पाखरांत फरक करता का, कोणते कधी येते, कोणते पावसाळ्यातही दिसते, पूर्वी दिसे पण आता दिसत नाही असे कोणते, असे विचारीत गेल्यास नाव आपोआप निघते. आजोबांना आठवते व नातवास ठाऊक नाही, अशी नावे विशेष जपून टिपावीत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या शाळांत तर आणखी एक सोय आहे. कारखान्यांच्या निमित्ताने मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि परप्रांतांतूनही आलेल्या कुटुंबांची मुले एकाच बाकावर बसतात. त्यांच्या घरी याच पाखराला काय म्हणतात, हे विचारल्यास वर्गातच छोटा कोश तयार होईल. मात्र ती नावे ‘स्थानिक’ म्हणून नोंदू नयेत. ज्याच्या गावचे नाव त्या गावासह लिहावे.

पाखरांकडे पाहण्याची सवय सुटली की नावे प्रथम सरमिसळ होतात आणि मग विस्मरणात जातात. घराघरांत नळ आल्यावर नदीवर धुणे नेण्याचे कारण उरले नाही. ही सुधारणाच होय व तिचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर नदीकडे रोज पाहणारे डोळेही कमी झाले, हेही खरे. नदीची आठवण पुराच्या किंवा दुर्गंधीच्या वेळीच व्हावी, ही स्थिती पंचायतींना परवडणारी नाही.

मोकळे पाणी

जलपर्णी काढण्याच्या कामाबाबत या पक्ष्याचे वेळापत्रक एक उपयुक्त सूचना देऊन जाते. पावसाळी पुरात जलपर्णीचा मोठा भाग वाहून जातो. पूर ओसरल्यावर डोहांच्या कडेला, पुलांच्या खांबांशी व बंधाऱ्यांच्या मागे अडकलेल्या थोड्या रोपांपासून पुढचा सारा विस्तार होतो. माघ-फाल्गुनात पात्र हिरवे झाल्यावर यंत्रे लावून टनावारी काढण्यापेक्षा आश्विनातच ही उरलेली रोपे वेचली तर काम थोडे व खर्चही थोडा. त्याच सुमारास पाहुणे पक्षी मोकळे पाणी शोधीत येत असतात आणि कार्तिकीसाठी आळंदीच्या घाटावर स्नानास उतरणाऱ्या भाविकांनाही मोकळेच पाणी हवे असते. अर्थात सांडपाणी शुद्ध न करता सोडले जात आहे तोवर जलपर्णी पुन्हा वाढणारच. वेचणी हा उपचार आहे, निर्मूलन नव्हे. काठांवरचा मूळचा लव्हाळा व पाणकणीस मात्र या सफाईत उपटू नये. बारमाही राहणारे वारकरी आणि पाणकोंबड्या त्यातच घरटी करतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे या पक्ष्यांच्या शिकारीस बंदी आहे. पण काठ साफ करणाऱ्या यंत्रापुढे बंदीचा फलक उपयोगी पडत नाही.

इंद्रायणी व भामा या तुळापूरजवळ भीमेस मिळतात. पवना दापोडीपाशी मुळेत आणि पुढे मुळा-मुठा होऊन भीमेतच. हे सारे पाणी १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयात साठते. भिगवणच्या परिसरात हिवाळ्यात वारकरी पक्ष्यांचे मोठे थवे त्याच पाण्यावर दिसतात. तेथून भीमा पंढरपुरास जाते आणि चंद्रभागा म्हणवते. देहू-आळंदीच्या पालख्या पंढरीस पोहोचतात त्याच ठिकाणी, आपल्या वेगाने, या औद्योगिक पट्ट्यातले पाणीही पोहोचत असते.

ज्या पंचायतींच्या नोंदवह्या तयार आहेत त्यांनी येत्या कार्तिकात आपल्या डोहावर एक सकाळ घालवावी. उन्हे वर येण्यापूर्वी, पाणी स्थिर असताना, पांढरी कपाळे व तांबडी कपाळे वेगवेगळी मोजावीत, दोन्ही आकडे दोन निराळ्या ओळींत लिहावेत आणि शेजारी पात्राचा किती भाग जलपर्णीखाली आहे तेही नमूद करावे. पुढल्या कार्तिकात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजणी करावी.